डॉक्टर रखमाबाई

रखमाबाईंचें नांव बहुतेकांनीं ऐकलेलें असतें तें एका खटल्याच्या निमित्तानें. अकराव्या वर्षीं झालेलें लग्न आपणांस मान्य नाहीं असें न्यायासनासमोर सांगणारी, आणि नवऱ्याच्या घरीं जाण्यापेक्षां तुरुंगांत जाणें पत्करणारी ही तरुणी १८८५ ते १८८८ या अवधींत साऱ्या हिंदुस्थानांत व विलायतेंतहि चर्चेचा विषय होऊन बसली होती. परंतु खटला चालला तो चार वर्षें. त्यानंतर याच बाईंनीं सुमारें पस्तीस वर्षें सुरत व राजकोट येथें बायकांचीं बाळंतपणें केलीं, तान्ह्या मुलांना औषधपाणी केलें, आणि रुग्णालयाच्या नांवानें दचकणाऱ्या घरांचीं दारें हळूहळू उघडविलीं. त्या पस्तीस वर्षांविषयीं शाळेच्या पुस्तकांत क्वचितच दोन ओळी सांपडतात. खटला गाजला म्हणून लक्षांत राहिला. बाळंतपणें मुकाट्यानें पार पडतात म्हणून विसरलीं गेलीं. प्रस्तुत लेखकाच्या मतें हीं दोन आयुष्यें नव्हेत, एकच आहे. कोंवळ्या मुलीच्या देहावर घर आणि मातृत्व लादावें कीं नाहीं, हा जो प्रश्न त्यांनीं न्यायालयांत उभा केला, त्याचाच दुसरा भाग त्या पुढें जन्मभर बाळंतिणीच्या खाटेशीं उभ्या राहून सोडवीत होत्या. वरच्या वर्गांतील मुलींनीं, आणि मुलांनीं तर अवश्यच, हें चरित्र त्या दृष्टीनें वाचावें.

रखमाबाईंचा जन्म मुंबईस २२ नोव्हेंबर १८६४ रोजीं झाला. वडिलांचें नांव जनार्दन पांडुरंग, आईचें जयंतीबाई, जात सुतार. जयंतीबाईंचें लग्न चौदाव्या वर्षीं झालें, पंधराव्या वर्षीं त्यांच्या पोटीं ही मुलगी आली, आणि सतराव्या वर्षीं त्यांच्या कपाळाचें कुंकू पुसलें गेलें. वधू, माता आणि विधवा या तीन अवस्था तीन-चार वर्षांत भोगलेली ती आई स्वतःच अद्याप पोरवयाची होती. सुतार जातींत विधवेच्या पुनर्विवाहास आडकाठी नसल्यामुळें कांहीं वर्षांनीं त्यांचा विवाह डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशीं झाला. तत्पूर्वीं पहिल्या पतीची मिळकत त्यांनीं मुलीच्या नांवें करून दिली. हा तपशील किरकोळ दिसतो. परंतु पुढें जें रामायण घडलें त्याच्या मुळाशीं ही मिळकत कांहीं अंशीं तरी होतीच.

सखाराम अर्जुन हे त्या काळच्या मुंबईंतील विद्वान गृहस्थ. ग्रँट मेडिकल कॉलेजांत ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. मुंबईंत मिळणाऱ्या औषधींची त्यांनीं केलेली सूचि १८७९ सालीं प्रसिद्ध झाली. आणि १८८३ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ज्या आठ जणांनीं स्थापन केली त्यांतील दोघां हिंदी गृहस्थांपैकीं ते एक होते. अशा मनुष्याच्या घरींहि मुलीचें लग्न अकराव्या वर्षीं झालें, यावरून रूढीचा दाब किती असावा याची कल्पना करावी. वर दादाजी भिकाजी हा डॉक्टरांच्याच नात्यांतला, एकोणीस वर्षांचा, परिस्थितीनें गरीब. त्यानें सासरीं घरजांवई म्हणून राहावें, विद्या करावी व चांगला मनुष्य व्हावें, असें ठरलें होतें.

लग्नानंतर सातच महिन्यांनीं रखमाबाई वयांत आल्या. रूढीप्रमाणें त्या वेळीं गर्भाधानाचा विधि व्हावयाचा. डॉक्टर सखाराम अर्जुन यांनीं तो होऊं दिला नाहीं. अपुऱ्या वाढीच्या देहाला मातृत्व सोसत नाहीं, हें त्यांना वैद्यकानें शिकविलें होतें, आणि बारा वर्षांच्या मुलीला सासरच्या स्वाधीन करण्यास ते तयार नव्हते. लग्न रोखण्याइतकें बळ त्यांच्या अंगीं आलें नाहीं, पण त्यापुढची पायरी त्यांनीं रोखली. एका हिंदी डॉक्टरानें आपल्या घरांत वैद्यकशास्त्राचा शब्द रूढीच्या शब्दावर चालविला, आणि त्या मुलीला वाढावयास कांहीं वर्षें मिळालीं. पुढें जें कांहीं झालें तें या मिळालेल्या वर्षांमुळें झालें.

दादाजीला हें रुचलें नाहीं. विद्या त्याच्याकडून झाली नाहीं. तो मामाच्या घरीं जाऊन राहिला, आणि दिवसेंदिवस आळस व कर्ज यांत बुडत गेला. इकडे रखमाबाईंची शाळा लग्नाबरोबर सुटली होती. घरांतल्या घरांत, मिळेल त्याच्याकडून, त्यांनीं इंग्रजी शिकण्यास आरंभ केला. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयांतून त्या पुस्तकें आणून वाचीत. घरीं येणाऱ्या सुधारक मंडळींचीं संभाषणें कानांवर पडत. शाळेचें तोंड न पाहतां त्यांनीं जें इंग्रजी कमावलें तें इतकें चांगलें होतें कीं, १८८५ सालीं टाइम्स ऑफ इंडिया पत्रांत एक हिंदु स्त्री या टोपणनांवानें बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर जीं पत्रें प्रसिद्ध झालीं, तीं वाचून सरकार-दरबारचे लोकहि चकित झाले. तीं पत्रें कोणाचीं, हें जगाला कांहीं काळानंतर कळलें.

१८८४ सालीं दादाजीनें वकिलामार्फत मागणी केली आणि मग मुंबई हायकोर्टांत वैवाहिक हक्क पुनःस्थापित करून मिळावे असा दावा लावला. रखमाबाई तेव्हां वीस वर्षांच्या होत होत्या. दाव्याची सुनावणी होण्यापूर्वींच, १८८५ सालीं, डॉक्टर सखाराम अर्जुन वारले. घरांतला आधार गेला, तरी त्या मागें हटल्या नाहींत. सप्टेंबर १८८५ मध्यें न्यायमूर्ति पिनी यांनीं निकाल दिला तो रखमाबाईंच्या बाजूनें. अजाण वयांत जिचें लग्न लावलें, जी पतीबरोबर कधीं नांदलीच नाहीं, त्या स्त्रीला बळानें त्याच्या हवालीं करणें त्यांच्या न्यायबुद्धीस पटलें नाहीं. या निकालानें देशभर गहजब उडाला. केसरींत टिळकांनीं या निकालावर व रखमाबाईंवर कडक टीका केली. उलट पक्षीं बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. पंडिता रमाबाई तेव्हां परदेशांत होत्या; १८८७ सालीं निघालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्यांनीं या बहिणीची कैफियत परदेशी वाचकांपुढें मांडली.

अपिलांत १८८६ सालीं मुख्य न्यायमूर्ति सार्जंट व न्यायमूर्ति बेली यांनीं पहिला निकाल फिरविला. पुन्हा सुनावणी होऊन ४ मार्च १८८७ रोजीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम केला कीं, रखमाबाईंनीं पतीकडे राहावयास जावें, न गेल्यास सहा महिनेपर्यंत कैद भोगावी. रखमाबाईंनीं कैद पत्करीन असें सांगितलें. ही नुसती जिद्द नव्हती. त्या वेळीं तुरुंग म्हणजे अब्रूचा शेवट; कुलीन घरच्या बाईची सावलीहि तेथें पडूं नये असा समज. ती अब्रू पणाला लावून त्यांनीं आपला नकार कायम ठेवला. अखेरीस कोणी तुरुंगांत गेलें नाहीं. व्हिक्टोरिया राणीनें स्वतः लक्ष घालून लग्न मोडलें अशी एक कथा आजहि ठिकठिकाणीं छापली जाते. प्रत्यक्षांत १८८८ सालीं दादाजीनें दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला आणि प्रकरण मिटलें. राणीपेक्षां ही हकीगत रुक्ष आहे खरी, पण इतिहासांत पुष्कळदां असेंच असतें.

आतां रखमाबाई मोकळ्या झाल्या होत्या, पण करावयाचें काय? येथें त्यांच्या आयुष्यांत एक इंग्रज बाई येते. तिचा परिचय करून घेतल्यावांचून पुढें जातां यावयाचें नाहीं. डॉक्टर एडिथ पेची या एडिंबरो विद्यापीठांत वैद्यक शिकण्यासाठीं १८६९ सालीं दाखल झालेल्या पहिल्या स्त्रियांपैकीं एक. विद्यापीठानें त्यांना पदवी नाकारली. ती त्यांनीं १८७७ सालीं स्वित्झर्लंडांतील बर्न येथें मिळविली. त्याच सुमारास मुंबईंत एक वेगळी हालचाल चालू झाली होती. आमच्याकडील स्त्रिया परपुरुष वैद्याला नाडीहि दाखवीत ना. पडद्याआडून जीभ दाखविणें हीच काय ती तपासणी. तेव्हां बायकांसाठीं बायकाच डॉक्टर पाहिजेत, म्हणून किट्रेज नांवाचा अमेरिकन व्यापारी व सोराबजी शापूरजी बंगाली या दोघांनीं फंड उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनीं रुग्णालयासाठीं लाखाहून अधिक रुपये दिले. आणि १८८३ च्या अखेरीस डॉक्टर पेची मुंबईस येऊन दाखल झाल्या. कामा हॉस्पिटल १८८६ सालीं सुरू झालें. आरंभापासून तेथील मुख्य डॉक्टर स्त्री, आणि रोगीहि स्त्रिया व मुलें. १८८५ सालीं लेडी डफरिन यांनीं देशभर स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठीं फंड काढला तो याच लाटेंत.

या डॉक्टर पेची यांनीं रखमाबाईंस वैद्यकाकडे वळविलें, पैसे गोळा करण्यास मदत केली, आणि विलायतेंत राहण्याची सोय लावून दिली. १८८९ सालीं रखमाबाई लंडनास गेल्या आणि स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेंत दाखल झाल्या. ज्यांनीं आयुष्यांत रीतसर शाळा फारशी पाहिली नव्हती त्यांनीं चोविसाव्या वर्षीं शरीरशास्त्राच्या पुस्तकांस हात घातला, आणि १८९४ सालीं डॉक्टरीच्या परीक्षा उतरून त्या मोकळ्या झाल्या. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं अमेरिकेंत पदवी घेतली, पण पुढच्याच वर्षीं त्या निवर्तल्या. त्याच सुमारास कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनीं वैद्यकी आरंभली. यांत पहिली कोण आणि दुसरी कोण, हा वाद कांहीं लोक अगदीं हिरिरीनें घालतात. ज्या बाईचें मूल आडवें आलें आहे तिला या क्रमांकाशीं कर्तव्य नसतें.

येथें थोडें थांबून त्या काळचें बाळंतपण कसें होतें हें पाहिलें पाहिजे. त्याशिवाय रखमाबाईंच्या कामाची किंमत कळावयाची नाहीं. बाळंतिणीची खोली म्हणजे घरांतली सर्वांत अंधारी व कोंदट जागा. झरोके बंद, शेगडीचा धूर, आणि विटाळ म्हणून जुनेरीं, मळकीं, टाकाऊ फडकीं तिच्या वांट्याला. सुईण अनुभवी असे, हातहि कित्येकदां कुशल असे. पण तो हात धुतलेला असावा हें कोणी तिला सांगितलेलें नव्हतें. एका बाळंतिणीकडून उठून ती दुसरीकडे जाई आणि सूतिकाज्वर बरोबर नेई. व्हिएन्ना शहरांतील सेमेलवाइस या डॉक्टरानें १८४७ सालींच दाखवून दिलें होतें कीं, डॉक्टरांनीं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यांत हात धुतले तर बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें कमी होतात. तें जगानें मानण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. तेव्हां आमच्या खेड्यांतील अक्षरशत्रु सुईणीला दोष देण्यांत अर्थ नाहीं. नाळ कापावयाची ती घरांतल्या विळ्यानें, आणि जखमेवर राख किंवा शेण लावावयाचें. शेणमातींत धनुर्वाताचे जंतु असतात. ते नाळेंतून शिरले कीं पहिल्या आठवड्याच्या सुमारास मूल अंगावर पिणें सोडतें, जबडा बसतो, अंग ताठतें आणि खेळ आटोपतो. पांचवी-सटवीच्या रात्रीं आमच्या आयाबाया ज्या धास्तीनें जागत त्या धास्तीचें एक कारण हेंच असावें असें वाटतें. सटवाईनें कपाळीं लिहिलें म्हणून मूल गेलें, एवढेंच घरच्यांना माहीत. विळ्याकडे कोणाचें लक्ष जात नसे.

याच्या जोडीला आईचें वय. तेराव्या-चौदाव्या वर्षीं मुलीच्या कमरेच्या हाडांची वाढ पुरी झालेली नसते. मूल अडतें, दोन दोन, तीन तीन दिवस कळा चालतात. त्यांत आई वांचली तरी कित्येकदां जन्माची अधू होते, आणि स्वतःच्या घरांत तिला कोपरा धरून बसावें लागतें. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणी नांवाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या बळजोरीनें मरण पावली. त्या सालीं डॉक्टर पेची यांनीं मुंबईंत बालविवाहाविरुद्ध जाहीर व्याख्यान दिलें. तिकडे मिसेस मॅन्सेल या अमेरिकन मिशनच्या डॉक्टरीणबाईंनीं पन्नासांच्या आसपास स्त्री-डॉक्टरांच्या सह्यांचा अर्ज व्हाइसरॉयकडे पाठविला, आणि आपण रुग्णालयांत पाहिलेल्या कोंवळ्या मुलींच्या दुखापती त्यांत एकामागून एक नमूद केल्या. वकिलांच्या वादापेक्षां त्या यादीनें अधिक काम केलें असेल. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाचीं बारा वर्षें झालीं. बारा वर्षें! आज हा आंकडा वाचून हंसावें कीं रडावें कळत नाहीं. पण त्यावरूनहि तेव्हां रान पेटलें होतें. रखमाबाईंच्या खटल्यानें या कायद्याची जमीन नांगरून ठेविली होती हें अनेक इतिहासकार मान्य करतात.

अशा देशांत १८९५ च्या सुमारास त्या डॉक्टर होऊन परत आल्या. प्रथम कांहीं दिवस कामा हॉस्पिटलांत काम करून त्या सुरतेस स्त्रियांच्या रुग्णालयाच्या मुख्य झाल्या. सुरत हें जुनें, दाट वस्तीचें, व्यापारी शहर. हिंदु घरांत सोंवळें आणि मुसलमान घरांत पडदा; रुग्णालय म्हणजे जेथून मनुष्य परत येत नाहीं ती जागा, असा दोन्हीं घरांत सारखाच समज. आजारी बाईला तेथें नेण्यास घरचे तयार होत ते बहुधा अगदीं अखेरच्या घटकेस, आणि मग ती दगावली कीं समज अधिक पक्का होई. हें चक्र तोडणें हें औषधापेक्षां कठीण. बाळंतपणासाठीं तर पायरी चढावयास कोणी येईना. तेव्हां रखमाबाईंनीं एक गाभण जनावर रुग्णालयांत आणवून त्याची वीण तेथें सुखरूप पार पाडली, आणि मुकें जनावर व त्याचें पिलूं जर येथून धडधाकट बाहेर पडतें तर तुम्हीच कां भितां असें बायकांना पटविलें, अशी एक आठवण त्यांच्याविषयीं सांगत आलेले आहेत. आठवणींत कालांतरानें तिखटमीठ मिसळतें हें खरें. पण या गोष्टींत त्यांची रीत बरोबर उमटली आहे. बायकांची भीति हा मूर्खपणा आहे असें त्यांनीं मानलें नाहीं. भीति अनुभवानें बसलेली आहे, ती अनुभवानेंच जाईल, असें त्यांनीं ओळखलें.

सुरतेस त्या दोन तपांच्या जवळपास राहिल्या. या दीर्घ काळाविषयीं सांगण्यासारखें नाट्य थोडें आहे, आणि त्यांतच त्याचें महत्त्व आहे. एक बाई रुग्णालयांत बाळंत होऊन घरीं गेली कीं तिच्या आळींतल्या दोन बायकांचा धीर वाढतो. त्या दोघींच्या मुली पुढें आपण होऊन येतात. एका गांवीं एकच डॉक्टरीण वीस वर्षें राहिली म्हणजे तिच्या हातीं जन्मलेल्या मुलींचीं बाळंतपणेंहि तिच्याच हातीं होतात. अशा विश्वासाची नोंद कोणत्याहि दफ्तरांत होत नाहीं. आणि विसरूं नये, ज्या बाईला साऱ्या मुंबईनें कुलबुडवी ठरविलें होतें तिच्याच हातीं सुरतेच्या सासवांनीं आपल्या सुना सोंपविल्या.

१९०४ च्या सुमारास दादाजी भिकाजी वारला. त्यानंतर रखमाबाईंनीं विधवेचें पांढरें वस्त्र धारण केलें व तें पुढें सोडलें नाहीं. ज्याला पति म्हणून मानण्यापेक्षां त्यांनीं कैद पत्करली त्याच्याच नांवानें हें व्रत कां, असा प्रश्न वाचकाला पडेल. कोणी म्हणतात समाजांत वावरणें सोपें व्हावें म्हणून, कोणी म्हणतात मनांत कोठें तरी जुना संस्कार शिल्लक होता म्हणून. पांढऱ्या लुगड्यांतली एकटी बाई कोणत्याहि घरांत, कोणत्याहि वेळीं जाऊं शकते, आणि डॉक्टरीणबाईला हें स्वातंत्र्य उपयोगी पडलें असेल, असा आपला एक तर्क. पुन्हा लग्न त्यांनीं केलें नाहीं.

सरकारनें स्त्री-डॉक्टरांची एक स्वतंत्र नोकरशाखा १९१४ सालीं स्थापन केली होती. तींत येण्याविषयीं त्यांना विचारणा झाली असतां त्यांनीं ती नाकारली आणि १९१८ सालीं राजकोटास रसूलखानजी जनाना हॉस्पिटलाची जबाबदारी घेतली. काठेवाडांतील संस्थानी मुलखांत पडदा सुरतेहून कडक. तेथें त्यांनीं आणखी सुमारें अकरा वर्षें काम केलें. १९२९ सालीं हिंदी स्त्रियांच्या लेखांचा एक इंग्रजी संग्रह प्रसिद्ध झाला. त्यांत रखमाबाईंचा लेख पडद्याची चाल बंद करण्यावर आहे. पडदानशीन घरांतील ऊन-वारा न मिळालेल्या आया व त्यांचीं फिकट मुलें ज्यांनीं आयुष्यभर तपासलीं, त्यांनीं अखेरीस लेखणी उचलली ती या विषयावर, याचें नवल वाटावयास नको.

योगायोग असा कीं, १९२९ सालींच शारदा कायदा मंजूर झाला. पुढील वर्षीं तो अमलांत येऊन मुलीच्या लग्नाचें वय चौदा ठरलें. आपला बीड जिल्हा मात्र तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. १८९१ चा काय किंवा १९२९ चा काय, हे दोन्हीं कायदे ब्रिटिश मुलखापुरते. मुंबईंत उठलेल्या या साऱ्या वादळाचा वारा गोदाकांठच्या आपल्या गांवांना फारसा लागलाच नाहीं. पुढें १९७८ सालीं वय अठरा झालें. १९७५ पासून अंगणवाडी आली, २००५ पासून गांवोगांव आशाताई आल्या. गरोदर बाईची नोंद, धनुर्वाताची लस, लोहाच्या गोळ्या, रुग्णालयांत बाळंतपण हें उमापूरच्या पंचक्रोशींतील लहान मुलांनाहि आतां ठाऊक आहे. धनुर्वात हा बाळबाळंतिणींचा घातक रोग म्हणून देशांतून हटला असें २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. महाराष्ट्रांत २०१८ ते २०२० या वर्षांच्या सरकारी मोजणींत एक लक्ष जिवंत जन्मांमागें ३३ माता दगावल्या. देशांत यापेक्षां कमी प्रमाण फारच थोड्या प्रांतांचें आहे. रखमाबाई सुरतेस गेल्या तेव्हां कोणाला हें स्वप्नांतहि खरें वाटलें नसतें.

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्याच अंगणांत आहे. दिवाळी सरली कीं आपल्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठीं बिऱ्हाडें निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागें, आणि कोयता म्हणजे नवराबायकोचें जोडपें. एकट्या मुलाला अर्धाच कोयता मिळतो. वयांत आलेल्या मुलीला गांवीं एकटी टाकून जाण्यास आईबाप धजत नाहींत, आणि फडावर नेण्याचीहि भीति वाटते. मग शाळेंत जाणाऱ्या मुलीचें लग्न हंगामापूर्वींच उरकून टाकतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणींत, विशीच्या आरंभींच्या स्त्रियांपैकीं ज्यांचें लग्न अठरा वर्षांपूर्वीं झालें त्यांचें प्रमाण महाराष्ट्रांत सुमारें पांचांत एक, आणि बीड जिल्ह्यांत दहांत चारांहून अधिक आढळलें. ही सोळा वर्षांची मुलगी पोटुशी होऊन फडावर मोळ्या उचलते. तिची नोंद गांवच्या वहींत, ती स्वतः शंभर कोसांवर. लशीचा दिवस येतो आणि जातो, आणि पालांत जन्मलेलें मूल वजनांत कमी भरतें. आईबापांना दुष्ट म्हणून मोकळें होणें सोपें आहे. सखाराम अर्जुनांसारखा जाणता पुरुष जेथें वाकला तेथें उचल घेतलेल्या मजुराची काय कथा. रखमाबाईंना मिळालीं तशीं वाढीचीं चार वर्षें या मुलींना कोण मिळवून देणार, हा प्रश्न मुंबईच्या हायकोर्टांत नव्हे, आपल्या शाळेच्या हजेरीपटावर पडलेला आहे. दिवाळीनंतर ज्या नांवापुढें गैरहजर लिहावें लागतें त्या प्रत्येक नांवाची चौकशी शिक्षकानें केली, वर्गमैत्रिणींनीं केली, तर कांहीं लग्नें थांबतात. मुलांसाठीं असलेल्या मदतीच्या १०९८ या क्रमांकावर कोणाहि मुलीला स्वतः दूरध्वनि करतां येतो. आणि पालकांचा हंगाम संपेपर्यंत मुलींना ठेवून घेणारीं हंगामी वसतिगृहें जेथें नीट चालतात तेथें मुली शाळेंत टिकतात.

निवृत्त झाल्यावर रखमाबाई मुंबईस येऊन राहिल्या. डॉक्टरी थांबली होती. वाचन आणि भेटीगाठी चालू होत्या. ज्यांच्याशीं त्यांची चकमक झडली ते बहुतेक सर्व केव्हांच काळाच्या पडद्याआड गेले होते. पत्नीला पतीकडे जाण्याच्या हुकमापोटीं कैदेंत टाकण्याची तरतूद १९२३ सालीं कायद्यांतून काढून टाकण्यांत आली, तीहि त्यांनीं सुरतेहून राजकोटास गेल्यावर पाहिली. मे १९५५ मध्यें हिंदु विवाहाचा नवा कायदा अमलांत आला. त्यानें हिंदु स्त्रीला घटस्फोटाचा मार्ग जवळजवळ सर्व देशांत खुला झाला. ज्या दाव्याखालीं त्यांना कोर्टांत खेंचलें होतें तो वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा मात्र त्याच कायद्यांत नववें कलम म्हणून राहिला, आणि अजून आहे. त्यानंतर चार महिन्यांनीं, २५ सप्टेंबर १९५५ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें.